पातळ थर अतिवाहक राहतो की विसंवाहक होतो: रोधाचा आलेख मोजावा कसा आणि वाचावा कसा

खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतून बेळगावात पदव्युत्तर भौतिकशास्त्र शिकायला येणारे आणि दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेले काही विद्यार्थी उन्हाळी प्रकल्पासाठी मुंबईला किंवा बंगळूरला जातात. त्यांतल्या ज्यांच्या वाट्याला नीच तापमानाची प्रयोगशाळा येते, त्यांच्या हातात पहिल्याच आठवड्यात एक ठरावीक आलेख पडतो. आडव्या अक्षावर तापमान, उभ्या अक्षावर रोध आणि एकाच पदार्थाच्या वेगवेगळ्या जाडीच्या थरांच्या पंधरा-वीस रेषा. पंधरा केल्विनच्या आसपास त्या जवळजवळ समांतर धावतात. तापमान उतरत जाते तशी त्यांची वाट वेगळी होते, जाड थरांच्या रेषा शून्याकडे कोसळतात आणि पातळ थरांच्या रेषा वर चढत जातात. हा आलेख दिसायला सोपा असला तरी त्यावरून काढलेले निष्कर्ष पुष्कळदा घाईचे असतात. तो कोणत्या क्रमाने मोजावा आणि कोणत्या क्रमाने वाचावा, हे मराठीत एकदा सविस्तर लिहून ठेवावे, असे मला बरीच वर्षे वाटत होते.

कामरलिंग ओनेस यांनी 1911 मध्ये लायडन येथे पाऱ्याचा रोध 4.2 केल्विनच्या आसपास एकाएकी नाहीसा झालेला पाहिला. असा रोध उरलेला नसतो तो पदार्थ अतिवाहक; थंड होताना ज्याचा रोध वाढतच जाऊन प्रवाह अडतो तो विसंवाहक. इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमतात आणि त्या सगळ्या जोड्या एकाच लयीत चालतात म्हणून हा रोध नाहीसा होतो, हे 1957 च्या बार्डीन, कूपर आणि श्रिफर यांच्या सिद्धांताने स्पष्ट केले. या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या आत्ताच वेगळ्या करून ठेवा: जोड्या जमणे ही एक आणि त्यांची लय जुळणे ही दुसरी. जाड धातूत या दोन्ही गोष्टी एकाच तापमानाला घडतात, त्यामुळे त्यांत फरक करण्याची वेळ येत नाही. थर पातळ आणि अव्यवस्थित झाला की त्या एकमेकींपासून सुटतात. आलेख वाचणे म्हणजे समोरच्या थरात यांपैकी नेमके काय मोडले आहे हे शोधणे होय, आणि पुढची सगळी पद्धत त्या एका प्रश्नासाठी आहे.

रोध आधी दर चौरसाचा करा

थराचा मोजलेला रोध त्याच्या लांबी-रुंदीवर अवलंबून असतो, म्हणून तो तसाच आलेखावर मांडण्यात अर्थ नाही. विभवांतर मोजणाऱ्या दोन टोकांमधली लांबी थराच्या रुंदीने भागा. जो आकडा येईल तितके चौरस त्या पट्टीत एकापुढे एक बसतात. मोजलेला रोध त्या आकड्याने भागला की दर चौरसाचा रोध मिळतो. चौरस लहान असो वा मोठा, त्याचा रोध तोच राहतो, कारण लांबी वाढली तितकीच रुंदीही वाढलेली असते.

एक उदाहरण हाताने करून पाहा. पहिली पट्टी 200 मायक्रॉन रुंद आहे आणि तिची विभवाची टोके 1 मिलिमीटर अंतरावर आहेत, म्हणजे पाच चौरस. दहा केल्विनला तिचा रोध 21 किलोओम भरला, तर दर चौरसाचा रोध 4.2 किलोओम झाला. दुसरी पट्टी 500 मायक्रॉन रुंद आहे, तिची टोकेही 1 मिलिमीटरवर आहेत, म्हणजे दोन चौरस. तिचा रोध 18 किलोओम भरला, तर दर चौरसाचा 9 किलोओम. कच्च्या आकड्यांवर पहिली पट्टी अधिक अव्यवस्थित वाटते, प्रत्यक्षात दुसरी आहे. विद्यार्थी असताना मी नेमकी हीच चूक केली होती. दोन थरांच्या रेषा कच्च्या रोधावर मांडल्या, त्यांचा क्रम उलटा लागला आणि जाडी कमी केल्यावर अतिवाहकता सुधारते असा निष्कर्ष वहीत लिहून मी दोन आठवडे त्याची कारणे शोधत बसलो. तेव्हापासून प्रत्येक नमुन्याची रुंदी सूक्ष्मदर्शकाखाली तीन ठिकाणी मोजून ती वहीच्या पहिल्या पानावर लिहिल्याखेरीज मी पुढचे पान उलटू देत नाही. पट्टीच्या कडा कातरलेल्या नसतील, थर वेड्यावाकड्या आकाराचा असेल, तर 1958 मध्ये व्हॅन डर पॉ यांनी दिलेली चार कोपऱ्यांची पद्धत वापरावी. नमुना सममित असेल तर तिच्यात मोजलेल्या रोधाला 4.53 ने गुणले की दर चौरसाचा रोध येतो.

दर चौरसाच्या रोधाची तुलना एका नैसर्गिक मापाशी करायची असते. प्लांकचा स्थिरांक इलेक्ट्रॉनच्या विद्युतभाराच्या वर्गाने भागला तर 25,813 ओम येतात. जोडीचा विद्युतभार दुप्पट, त्याचा वर्ग चौपट, म्हणून जोड्यांसाठीचे माप 6,453 ओम, म्हणजे सुमारे 6.45 किलोओम. मिनेसोटा विद्यापीठात हॅविलंड, लिउ आणि गोल्डमन यांनी 1989 मध्ये प्रसिद्ध केलेल्या बिस्मथच्या थरांच्या आलेखात वर जाणाऱ्या आणि खाली येणाऱ्या रेषांची सीमा याच आकड्याजवळ पडली. त्या थरांची जाडी सुमारे 4 अँगस्ट्रॉमपासून सुमारे 74 अँगस्ट्रॉमपर्यंत होती. सर्वांत पातळ थर म्हणजे सरासरीने एक-दोन अणूंची उंची. तो आलेख इतका देखणा आहे की पुढे कित्येकांनी 6.45 किलोओम ही लक्ष्मणरेषाच मानली. तसे मानू नका. इतर पदार्थांत सीमा या आकड्याच्या वर आणि खाली दोन्हीकडे सापडली आहे; हा आकडा दिशा दाखवतो, निकाल देत नाही.

थर कसा बनला, हे विचारून घ्या

अव्यवस्था दोन जातींची असते. पहिल्या जातीत धातूचे कण सुटे असतात, प्रत्येक कण आतून पुरेसा मोठा आणि चांगला अतिवाहक असतो, पण कणाकणांमधली फट जोड्यांना ओलांडावी लागते. दुसऱ्या जातीत थर सलग असतो, अणूंची मांडणी मात्र सर्वत्र विस्कटलेली असते. मिनेसोटातील प्रयोगात आधी जर्मेनियमचा अस्फटिकी लेप देऊन, द्रव हेलियमच्या जवळपासच्या तापमानाला ठेवलेल्या पृष्ठावर धातूची वाफ बसवली होती. लेपामुळे धातू ओला होऊन पसरावा तसा सलग पसरतो आणि थंडीमुळे अणू जिथे पडतात तिथेच थिजतात, त्यांना गोळा होऊन कण बनवता येत नाहीत. लेप न देता बसवलेले थर बहुधा कणदार निघतात.

आलेखावरून ही जात ओळखण्याची खूण अशी: कणदार थरांत सगळ्या रेषांचे पहिले वळण एकाच तापमानाला दिसते, कारण प्रत्येक कण आपल्या मूळ तापमानालाच अतिवाहक होतो, बदलते ती वळणानंतरची शेपटी, जी थर पातळ होईल तशी लांबत जाते, आणि काही रेषा तर थोड्या खाली येऊन पुन्हा वर चढतात. सलग थरांत रेषांचा उतार तीव्रच राहतो, पण तो उतार ज्या तापमानाला सुरू होतो ते तापमानच डावीकडे सरकत शून्याकडे जाते.

खानापूरकडचा वाचक असेल तर त्याला हे सांगायला फार शब्द लागत नाहीत. आषाढात नट्टीच्या, म्हणजे भाताच्या लावणीच्या, दिवसांत भाताची खाचरे भरू लागतात तेव्हा प्रत्येक खाचरात पाणी असते, पण बांध शाबूत असतात आणि वरच्या शिवारातले पाणी ओढ्यापर्यंत पोहोचत नाही. पाऊस वाढतो, बांधांवरून पाणी सांडू लागते, आणि कुठल्या तरी एका क्षणी वरपासून खालपर्यंत वाहती वाट तयार होते. कणदार थर तसाच असतो. खाचरात पाणी आहे म्हणजे जोड्या आहेत. पाणी वाहत नाही म्हणजे लय जुळलेली नाही. अशा थराचा रोध वर जात असेल तरी त्यात जोड्याच नाहीत असे म्हणणे म्हणजे तुडुंब भरलेल्या खाचरांकडे बघून पाऊस झाला नाही असे म्हणणे होय. सलग थरांतला एक मार्ग याच्या उलट असतो. तिथे अव्यवस्थेमुळे इलेक्ट्रॉन सावकाश पसरतात, त्यांच्यातले विद्युत-प्रतिकर्षण झाकले जात नाही, आणि जोडी जमवणारे आकर्षणच क्षीण होते. फिंकेलस्टाइन यांनी 1987 मध्ये या मार्गाचे गणित मांडले, आणि मॉलिब्डेनम-जर्मेनियमच्या थरांतील संक्रमण-तापमानाची (ज्या तापमानाला थर अतिवाहक होतो त्याची) घसरण त्या गणिताशी चांगली जुळते. ही अवस्था म्हणजे पाऊसच कमी होणे.

मात्र सलग थर म्हणजे नेहमी दुसरा मार्ग, असे समीकरण मांडू नये. नंदिनी त्रिवेदी, अमित घोषाल आणि मोहित रणदेरिया यांनी 1998 मध्ये केलेल्या गणनेतून असे दिसले की अव्यवस्था सर्वत्र सारखी असतानाही जोड्या आपण होऊन बेटाबेटांत गोळा होतात. ऊर्जेतील फट, म्हणजे जोडी मोडायला लागणारी किमान ऊर्जा, शाबूत राहते आणि लय टिकवणारा ताठरपणा मात्र कोसळतो. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रताप रायचौधुरी यांच्या गटाने नायोबियम नायट्राइडच्या थरांवर सूक्ष्म सुई फिरवून घेतलेल्या मापनांत, अव्यवस्था पुरेशी वाढल्यावर रोध नाहीसा होण्याच्या तापमानाच्या वरही ती फट शिल्लक राहते असे दिसले. म्हणजे जमिनीवर एकही बांध घातलेला नसताना पाणी स्वतःच डबकी करून राहते. मला या विषयातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते, आणि ती आपल्यापासून एका रात्रीच्या रेल्वेप्रवासाच्या अंतरावर मोजली गेली याचे विद्यार्थ्यांना अप्रूप वाटावे असेही मला वाटते.

प्रवाह किती सोडावा

चार तारांची पद्धत सर्वांना ठाऊक असते: दोन तारांनी प्रवाह सोडायचा, दुसऱ्या दोन तारांनी विभवांतर मोजायचे, म्हणजे तारांचा आणि जोडांचा रोध हिशेबात येत नाही. पातळ थरांच्या कामात खरी अडचण तिच्यापुढे सुरू होते.

वरच्या पहिल्या पट्टीतून 1 मायक्रोअँपिअर प्रवाह सोडला तर 21 किलोओममध्ये 21 नॅनोवॉट शक्ती उष्णतेच्या रूपाने मुरते. दहा केल्विनला हे काहीच नव्हे. पण 50 मिलिकेल्विनला इलेक्ट्रॉनांकडून जालकाकडे (अणूंच्या सांगाड्याकडे) उष्णता जाण्याची वाट जवळजवळ बंद झालेली असते, कारण ती तापमानाच्या साधारण पाचव्या घाताने आकसते. तापमापक 50 मिलिकेल्विन दाखवत राहतो आणि थरातले इलेक्ट्रॉन त्याच्या कितीतरी वर अडकून पडतात. अशा वेळी रेषा खाली येता येता आडवी होते, आणि विद्यार्थ्याला वाटते की थर अतिवाहकही नाही, विसंवाहकही नाही, तर तिसरीच एखादी धातूसारखी अवस्था सापडली. प्रवाह शंभरपट कमी करून 10 नॅनोअँपिअर केला तर शक्ती दहा हजारपट कमी होऊन सुमारे 2 पिकोवॉट होते आणि विभवांतर 210 मायक्रोव्होल्ट उरते, जे लॉक-इन प्रवर्धकाने, म्हणजे एकाच ठरावीक वारंवारतेचा संकेत वेचून मोजणाऱ्या उपकरणाने, सहज मोजता येते. प्रत्येक तापमानाला प्रवाह निम्मा करून पुन्हा मोजावे. रोध बदलला नाही तरच तो आकडा वहीत पक्का लिहावा.

केवळ आपण सोडलेला प्रवाहच थर तापवतो असेही नाही. मोबाइलच्या लहरी, संगणकाच्या तारा, दिव्यांचे चोक या सगळ्यांतून येणारी उच्च वारंवारतेची कुरबुर तारांवाटे थेट नमुन्यापर्यंत उतरते. म्हणून प्रत्येक तारेवर ती कुरबुर अडवणारी गाळणी (फिल्टर) बसवलेली असावी, आणि एखादी आडवी रेषा दिसलीच तर गाळणी वाढवून ती तशीच राहते का हे पाहावे. अलीकडच्या काळात, पूर्वी धातुरूप म्हणून सांगितलेल्या काही थरांच्या आडव्या रेषा चांगली गाळणी लावल्यावर शून्याकडे गेल्या आहेत. सर्वच आडव्या रेषा अशा खोट्या असतात असा याचा अर्थ नाही, तो वाद चालू आहे. पण आपल्या रेषेची परीक्षा आपण घेतल्याखेरीज त्या वादात उतरू नये.

विसंवाहक बाजूला अडचण उलटी होते. लॉक-इनचा प्रवेश-रोध बहुधा 10 मेगाओम असतो. नमुना 1 मेगाओमचा झाला की त्याच्याशी समांतर जोडणी होऊन वाचन सुमारे 9 टक्क्यांनी कमी पडते, आणि नमुना 10 मेगाओमचा झाला की निम्मेच उरते. त्यातच तारांची धारकता आहे. 1 नॅनोफॅरड धारकता आणि 10 मेगाओम रोध यांचा कालांक 10 मिलिसेकंद होतो, म्हणजे 16 हर्ट्झच्या आसपासच संकेत कला सोडू लागतो. म्हणून वारंवारता काही हर्ट्झ इतकीच ठेवावी, ती 50 हर्ट्झच्या किंवा तिच्या पटींच्या जवळ नसावी, आणि लॉक-इनचा काटकोनातला भाग (कलेने 90 अंश सरकलेला संकेत) प्रत्येक वाचनाबरोबर लिहावा. तो भाग मुख्य भागाच्या दहाव्या हिश्श्याहून वाढला की प्रवाह ठरवून विभवांतर मोजण्याची पद्धत सोडावी, आणि स्थिर विभवांतर देऊन प्रवाह मोजण्याकडे वळावे.

हेलियम हाताशी नसताना या सगळ्याचा सराव करता येतो का, असे मला नेहमी विचारतात. पुष्कळसा येतो. यिट्रियम-बेरियम-तांबे ऑक्साइडची वडी 93 केल्विनच्या आसपास अतिवाहक होते आणि द्रव नायट्रोजन 77 केल्विनला उकळतो. आपल्या भागात द्रव नायट्रोजन अपरिचितही नाही. जनावरांच्या कृत्रिम रेतनाच्या नळ्या ज्या निमुळत्या तोंडाच्या कॅनमध्ये ठेवतात त्यात तोच असतो. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, भांड्याचे तोंड कधीही घट्ट बंद करू नये, कारण द्रवाची वाफ होताना आकारमान सुमारे सातशेपट होते, आणि डोळ्यांवर चष्मा असावा. वडीवर चांदीच्या लेपाने चार तारा चिकटवा, लेप पूर्ण वाळू द्या, वडी भांड्याच्या तोंडाशी धरून बोटभर बोटभर खाली सोडा. प्रवाहाची दिशा उलटी करून दोन्ही वाचनांची वजाबाकी निम्मी केली की तारांच्या तापमानफरकातून येणारे काही मायक्रोव्होल्ट नाहीसे होतात. वडीचा रोध शून्य झाला असे वाटत असताना मापक शून्य दाखवत नाही, आणि दिशा उलटी केल्याबरोबर तो तोच आकडा त्याच चिन्हाने दाखवतो. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले की शून्य मोजणे म्हणजे काय ते आयुष्यभर लक्षात राहते.

रेषा वाचण्याचा क्रम

उभा अक्ष लघुगणकी घ्या. साध्या अक्षावर खालच्या रेषा एकमेकींवर बसतात आणि शेपट्या दिसत नाहीत.

रेषा थंड होताना वर जाते एवढ्यावरून तिला विसंवाहक ठरवू नका. अव्यवस्थित धातूत तरंगांच्या परस्परव्यत्ययामुळे रोध तापमानाच्या लघुगणकाप्रमाणे सावकाश वाढतो. असा थर दहा केल्विनपासून चार केल्विनपर्यंत वर चढून पुढे अर्ध्या केल्विनला अतिवाहक झाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. खरा विसंवाहक ओळखायचा तर रोधाचा लघुगणक तापमानाच्या व्यस्ताशी मांडा. सरळ रेषा आली तर एकच ऊर्जा-उंबरठा ओलांडला जात आहे. ती वाकत असेल तर व्यस्ताचे वर्गमूळ किंवा घनमूळ घेऊन पाहा: वर्गमूळाशी सरळ आली तर एफ्रॉस आणि श्क्लोव्हस्की यांनी सांगितलेली, घनमूळाशी सरळ आली तर मॉट यांनी द्विमितीसाठी सांगितलेली उड्यांची वाहतूक (इलेक्ट्रॉन एका जागेवरून दुसऱ्या जागेवर उडी मारत जाणे) समजावी. तीनही आलेख एकाच कागदावर काढावेत. तापमान दहापटीने बदललेले नसेल तर या तिन्हींत डोळ्याला फरक कळत नाही, आणि मग कोणत्याही एकाचा दावा करू नये.

अतिवाहक बाजूला द्विमितीची एक स्वतंत्र परीक्षा आहे. कॉस्टरलिट्झ आणि थाउलेस, तसेच त्यांच्या थोडे आधी बेरेझिन्स्की, यांनी दाखवले की पातळ थरात उलटसुलट भोवऱ्यांच्या (अतिवाहक प्रवाहाच्या सूक्ष्म वर्तुळांच्या) जोड्या एका तापमानाला सुटतात. त्या तापमानाला विभवांतर प्रवाहाच्या घनाप्रमाणे वाढते, म्हणून दोन्हींचे लघुगणक मांडून उतार 3 कुठे येतो ते शोधावे. थर द्विमितीय मानायचा की नाही हे त्याच्या जाडीची तुलना सुसंगती-लांबीशी, म्हणजे साधारणपणे एका जोडीच्या पसाऱ्याशी, करून ठरते. शंभर अँगस्ट्रॉमचा थर एका पदार्थात पातळ आणि दुसऱ्यात जाड असू शकतो.

आता मुख्य काम, म्हणजे सीमा शोधणे. तापमानाऐवजी जाडी किंवा चुंबकक्षेत्र आडव्या अक्षावर घ्या आणि प्रत्येक तापमानासाठी एक रेषा काढा. हेबार्ड आणि पालानेन यांनी 1990 मध्ये अस्फटिकी इंडियम ऑक्साइडच्या थरांवर चुंबकक्षेत्र वाढवत नेऊन असे आलेख काढले. त्यांत सगळ्या तापमानांच्या रेषा एका बिंदूत छेदतात. त्या बिंदूच्या डावीकडे थंड केल्यावर रोध घटतो, उजवीकडे वाढतो, आणि बिंदूवर तो तापमानाची दखलच घेत नाही. मॅथ्यू फिशर यांनी त्याच वर्षी मांडलेल्या चित्रात अतिवाहक म्हणजे जोड्या वाहत आहेत आणि भोवरे जखडलेले आहेत, विसंवाहक म्हणजे भोवरे वाहत आहेत आणि जोड्या जखडलेल्या आहेत. 6.45 किलोओमचे आकर्षण याच सममितीतून येते.

छेदनबिंदू सापडल्यावर मापन-परीक्षा (स्केलिंग) करतात, ती साध्या स्प्रेडशीटवर करता येते. प्रत्येक मूल्यातून बिंदूचे मूल्य वजा करा आणि येणारे अंतर प्रत्येक तापमानासाठी एका वेगळ्या आकड्याने गुणा. तो आकडा असा निवडा की त्या तापमानाची रेषा सर्वांत थंड रेषेवर तंतोतंत बसावी. मग ते आकडे तापमानाच्या तुलनेत दुहेरी लघुगणकी कागदावर मांडा. सरळ रेषा आली तर तिच्या उताराच्या व्यस्तातून दोन क्रांतिक घातांकांचा (सीमेजवळ लांबी आणि काळ यांची मापे किती वेगाने वाढतात हे सांगणाऱ्या आकड्यांचा) गुणाकार मिळतो. प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हा गुणाकार काही ठिकाणी 0.7 च्या आसपास, काही ठिकाणी 1.3 च्या आसपास आणि काही ठिकाणी 2.3 च्या आसपास आला आहे. 1.3 जवळचा आकडा आला की खाचरांची आठवण ठेवावी, कारण द्विमितीतील साध्या झिरपण्याचा घातांक 4/3 आहे.

या परीक्षेत स्वतःची फसवणूक करून घेणे फार सोपे आहे. रेषा एकमेकींवर बसवण्यासाठी आपण आकडे निवडतो, आणि तापमानाची व्याप्ती अपुरी असेल तर जवळजवळ काहीही एकमेकांवर बसते. म्हणून आधी छेदनबिंदू मोठा करून पाहा. शेजारशेजारच्या दोन तापमानांच्या रेषा कुठे छेदतात याची यादी करा. तो बिंदू थंडीबरोबर एकाच दिशेने सरकत असेल तर एकच क्रांतिक बिंदू आहे असे लिहू नका, सरकण्याचा तक्ता द्या. वरच्या तापमानांची वाचने गाळली तर गुणाकार किती बदलतो हेही द्या. मी परीक्षक म्हणून प्रकल्प पाहतो तेव्हा सुरेख एकवटलेल्या रेषांपेक्षा हा तक्ता आधी शोधतो.

क्षेत्र आणखी वाढवल्यावर इंडियम ऑक्साइडसारख्या थरांत रोध प्रचंड शिखरापर्यंत चढतो आणि मग पुन्हा उतरतो. जोड्या नसत्या तर हा उतार आला नसता: शिखरापर्यंत जोड्या जखडलेल्या असतात, पुढे क्षेत्र त्या मोडते आणि सुटे इलेक्ट्रॉन वाहू लागतात, असा त्याचा सर्वसाधारण अर्थ लावतात. तुमच्या चुंबकाची मर्यादा शिखराच्या अलीकडे संपत असेल तर हा पुरावा तुम्हाला मिळणार नाही, हे नमुना निवडतानाच ध्यानात घ्यावे.

नॅनोतारांसाठी वेगळा हिशेब

तार सुसंगती-लांबीपेक्षा बारीक झाली की भोवऱ्याला बसायला जागा उरत नाही. तिथे रोध वेगळ्या वाटेने येतो: तारेच्या एखाद्या लहानशा तुकड्यात अतिवाहकता क्षणभर विझते, लयीचा एक पूर्ण फेरा निसटतो, आणि प्रत्येक निसटण्याबरोबर थोडे विभवांतर उमटते. तापमानामुळे होणाऱ्या अशा निसटण्याचे गणित लँगर आणि विनय आंबेगावकर यांनी 1967 मध्ये मांडले आणि मॅककंबर व हॅल्परिन यांनी 1970 मध्ये पुरे केले. तुमची रेषा प्रथम या गणिताशी लावून पाहा. संक्रमण-तापमानाखाली रोध घातांकी वेगाने घसरला पाहिजे. त्यापेक्षा जड शेपटी उरली तर पुंज-निसटण्याची (उष्णतेऐवजी पुंजयांत्रिकीमुळे होणाऱ्या निसटण्याची) शक्यता येते, जी शून्य तापमानालाही थांबत नाही. जोर्डानो यांनी 1988 मध्ये इंडियमच्या बारीक तारांत अशी शेपटी पाहिली होती. पण एकसारखी नसलेली तारही अगदी तशीच शेपटी देते, म्हणून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे चित्र जोडल्याखेरीज हा दावा पुरा होत नाही.

बेझ्र्याडिन, लाउ आणि टिंकहॅम यांनी 2000 मध्ये कार्बन नॅनोनळीला कण्यासारखे ताणून तिच्यावर मॉलिब्डेनम-जर्मेनियम बसवले आणि दहा नॅनोमीटरहून बारीक तारा मिळवल्या. त्या आखूड तारांत, संपूर्ण तारेचा सामान्य रोध (अतिवाहक होण्याआधीचा रोध) 6.45 किलोओमहून कमी असेल तर ती अतिवाहक आणि अधिक असेल तर विसंवाहक, असे दिसले. पुढच्या वर्षी त्याच गटाने लांब तारा घेतल्यावर निर्णायक राशी एकूण रोध नसून दर लांबीचा रोध, म्हणजे प्रत्यक्षात तारेची जाडी, असल्याचे दिसले. म्हणून तारांच्या कामात दोन आलेख काढा, एक एकूण रोधावर आणि दुसरा दर नॅनोमीटर रोधावर, आणि कोणत्या आलेखात दोन्ही जाती स्वच्छ वेगळ्या पडतात ते पाहा. चौरसांचा हिशेब इथे लागू नाही. तारेला जोडलेले रुंद थर आधीच अतिवाहक होतात, त्यामुळे रेषेत दोन पायऱ्या दिसतात. पहिली पायरी थरांची असते, आणि तिच्या लगेच खालचा रोध हाच तारेचा सामान्य रोध म्हणून घ्यायचा असतो.

मापन संपल्यावर नमुना लगेच काढून ठेवू नका. खोलीच्या तापमानाला आणून त्याचा रोध पुन्हा मोजा आणि पहिल्या दिवशीच्या आकड्याशेजारी लिहा. इंडियम ऑक्साइडचा थर निर्वातात नुसता ठेवला तरी दिवसागणिक त्याचा रोध उतरतो, आणि थंडीत थिजवलेला बिस्मथचा थर एकदा तापला की त्याचे अणू सरकून तो पूर्वीचा थर राहत नाही. दोन आकड्यांत एक-दोन टक्क्यांहून जास्त फरक पडला, तर सोमवारी घेतलेली रेषा आणि शनिवारी घेतलेली रेषा एकाच नमुन्याच्या म्हणून एका आलेखावर काढू नयेत. त्यांना वेगळे क्रमांक द्यावेत.